माशाची मुंडी कुणीकडं

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण ती मला कुणी ओटीत घातलेली नव्हती. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा भावकीतल्या एका थोर पुरुषानं आबांना विचारलं होतं, "मग आता काय, भाकरी जास्ती गोल करंल का ही?" आबा हसले. माझे वडील सगळ्यांच्याच बोलण्यावर हसायचे. लासूर स्टेशनच्या बाजारात ते मापाडी होते. आडतीवर आलेल्या धान्याचं माप घ्यायचं आणि ते मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. आणि शेवटचं माप दोनदा पुकारायचं, म्हणजे नंतर कुणाला 'मी ऐकलंच नाय' म्हणता येत नाही. त्यांचा आवाज असा, की कुणाची बाजरी किती भरली ते फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्यालाही कळायचं. पण हाच माणूस बाजाराच्या फाटकाबाहेर पडताना काट्यासोबत आवाजही आत ठेवून यायचा. आजोबांपुढं, थोरल्या काकांपुढं, आल्यागेल्या पाहुण्यापुढं त्यांच्याकडं तीनच वाक्यं होती: "बरं", "व्हय" आणि "तुमी म्हनाल तसं".

आमच्याकडं मटण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा व्हायचं, आणि त्या दिवशी घरात लोकशाही नसायची. चुलीपाशी आई, ज्वारीच्या भाकरीवर पडणारे तिच्या हाताचे थापे, पाट्यावर वाटलेल्या मसाल्याचा नाकात जाऊन बसणारा वास, आणि ओसरीवर पुरुषांची पंगत. बोकडाची मुंडी कुणाच्या ताटात जाणार यावर कधी चर्चा होत नसे, कारण ते ठरलेलं होतं. आजोबा, ते नसले तर थोरले काका, ते नसले तर आलेला पाहुणा, मग तो विमा विकायला आलेला का असेना. आबांचा नंबर त्यात कुठंच नव्हता. बाया शेवटी बसायच्या. तोवर पातेल्यात रस्सा असायचा आणि रश्श्यात मटणाची आठवण. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा "मला पायजे मुंडी" म्हणाले होते. ओसरीवर एवढं हसू झालं, की पुढची दोन वर्षं काका मला मुंडी म्हणूनच हाक मारत. विनोदबुद्धी आमच्या घराण्यात पहिल्यापासून आहे. पदवी तेवढी उशिरा आली.

कॉलेजसाठी मी शहरात आले. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. उस्मानपुऱ्यात एका खोलीत आम्ही तिघी मुली राहायचो आणि तिथून दोन गल्ल्यांवर वाँगअम्माचं हॉटेल होतं. पाटीवर 'कँटन' लिहिलेलं, पण पाटी वाचून तिथं कुणी जात नसे; सगळे 'अम्माकडं' जात. अम्मा म्हणजे पासष्टीची, सुपारीएवढा अंबाडा घालणारी, गल्ल्यामागं बसून शेंगा निवडणारी चिनी बाई. जन्म कलकत्त्याचा, लग्न होऊन इकडं आली. तिचा सासरा कँटनचा सुतार. निजामाच्या काळात कुणा नवाबाच्या घरचं फर्निचर करायला आला, काम संपलं, पण परत जायचं त्याच्यानं झालं नाही. इथलं तिखट त्याला सोसेना, म्हणून स्वतःपुरतं रांधायला लागला. शेजारी वास घेत येऊन बसले, आणि हॉटेल सुरू झालं. आतल्या खोलीतलं मोठं गोल टेबल त्यानंच केलेलं. टेबलाच्या मधोमध सागवानी फिरता पाट होता. भांडी त्यावर ठेवायची आणि ज्याला जे हवं त्यानं पाट फिरवून ते आपल्यापुढं आणायचं. वाढायला बाई लागत नाही, ही त्या पाटाची गोष्ट मला पहिल्याच दिवशी फार आवडली.

अम्मा आमच्यापेक्षा चांगलं दखनी बोलायची. नवीन गिऱ्हाइकानं मन्चुरियन मागितलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. "वो हमारे में नै होता बा. वो तुमारेच लोगाँ का है." तरी करून द्यायची, कारण धंदा. आम्ही तिघी एक नूडल्स आणि तीन रिकाम्या बशा मागवायचो. बशा देताना अम्मा आमच्याकडं बघायची नाही, एवढी ती सभ्य होती. आत पडेगावचा शब्बीर लोखंडी कढईवर पळी आपटत असायचा. त्याची शेगडी अशी घोंघावायची की बाहेर बोलायचं तर ओरडायला लागायचं, आणि खोलीत घरमालकीण झोपल्यामुळं कुजबुजणाऱ्या आम्ही मुली तिथं पोटभर ओरडून घ्यायचो. टेबलावर सिरक्यात बुडवलेल्या हिरव्या मिरच्या, वरून फुकट चहा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. पहिल्यांदा तो प्यायले तेव्हा मला वाटलं पातेलं विसळलंय. मला ताप आला की अम्मा आलं घातलेली तांदळाची पेज डब्यात पाठवायची. आता चौकाचौकात लाल ड्रॅगन काढलेल्या गाड्या उभ्या असतात आणि माझा भाचा मला 'अस्सल चायनीज' म्हणजे काय ते समजावून सांगतो. मी ऐकून घेते. भावकीचं ऐकून घ्यायची मला सवय आहे.

निकालाच्या दिवशी अम्मानं आम्हाला आतल्या खोलीत बसवलं आणि न मागता एक अख्खा मासा आणला. जायकवाडीचा, वाफवलेला, वर आल्याच्या काड्या आणि पातीचा कांदा, आणि कडकडीत तेल ओतल्याचा तो चर्र आवाज. डोकं, शेपूट, डोळे, सगळं जागच्या जागी. ताट तिनं पाटावर ठेवलं आणि पाट असा फिरवला की माशाचं तोंड नेमकं माझ्याकडं आलं.

"इसकी मुंडी जिसकी तरफ, वो आज का बडा," अम्मा म्हणाली. "पयले उसने खाना. उसने खाए बगैर कोई हात नै लगाना. हमारे में ऐसाच है."

खोलीतल्या दोघी हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत बसल्या. बावीस वर्षांची झाले तेव्हा मला पहिल्यांदा मुंडीचा मान मिळाला. तोही माशाच्या, आणि तोही एका चिनी बाईकडून. मी घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. आल्याची काडी लागली, असं मी दोघींना सांगितलं.

पुढच्या महिन्याभरात दोन गोष्टी आल्या. एका बँकेची क्लार्कच्या नोकरीची ऑर्डर आली, आणि स्थळ आलं. मुलगा शहरात सरकारी कचेरीत. घर खाऊनपिऊन बरं. बघून गेले, पोहे खाऊन गेले, पसंती कळवली. माझी एकच अट होती. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. ही अट आबांनी बैठकीत बोलायची होती. मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. "बोलतो म्हनलं ना, शकू," आबा म्हणायचे. आई भाकरी उलटता उलटता म्हणाली, "बाजारात वरडता तसं बोला म्हंजी झालं." आबा हसले. त्या हसण्याची मला तेव्हाच भीती वाटली.

बैठकीला मुलाकडचे लासूरला येणार नव्हते. मुलाचे थोरले चुलते, बापूसाहेब, यांची शहरातल्या कोर्टात तारीख होती. त्याच दुपारी हेही उरकून घेऊ, असा त्यांचा निरोप आला. एका दगडात दोन पक्षी. दुसरा पक्षी मी. मध्यस्थ होते माझे सख्खे मामा. त्यांना हॉटेल म्हणजे बस स्टँडसमोरची मिसळ एवढंच ठाऊक. मी म्हणाले, अम्माकडं बसू, आतली खोली आहे, गोल टेबल आहे, आणि परवडतं. बापूसाहेबांनी चायनीज कधी खाल्लेलं नव्हतं, त्यामुळं ते लगेच तयार झाले. आता, बैठकीत मुलगी बसत नसते. पण ते खाणं मागवायचं कसं हे माझ्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. म्हणून आमच्या पंचक्रोशीत स्वतःच्या लग्नाच्या बोलणीला हजर राहिलेली मी पहिली मुलगी ठरले, तीही मेनूकार्डाच्या जोरावर.

बापूसाहेब आले. फेटा, कडक इस्त्री, आणि कोर्टात नुकतीच पुढची तारीख मिळाल्याचा आनंद. मागं मुलगा, आणि मुलाचे वडील. हे वडील तिथं होते हे मला त्यांनी मिरच्यांची वाटी ओढली तेव्हा कळलं. खोलीत शिरल्याबरोबर बापूसाहेब थांबले. बसायचं कुठं? मानाची जागा कोणती? गोल टेबलाला वरची बाजू नसते हे त्यांच्या ध्यानात यायला टेबलाभोवती एक अख्खी प्रदक्षिणा लागली.

"मामा, ह्येला कोपरा नाय का?" त्यांनी विचारलं.

"नाय जी. चिनी हाये," मामा म्हणाले, जणू त्यांनीच सुतारकाम केलं होतं. शेवटी पंखा बरोबर ज्या खुर्चीवर येतो तिला मानाची ठरवण्यात आलं. आबा दाराजवळच्या खुर्चीवर बसले. त्यांना लग्नकार्यात दाराजवळचीच जागा माहीत होती.

सूप झालं. "मीठ कमी हाये, पन चांगलं हाये," असा निकाल बापूसाहेबांनी दिला आणि मग अम्मा स्वतः मासा घेऊन आली. मी नूडल्स आणि भात सांगितला होता. मासा तिनं आपल्या मनानं केला, माझं शुभकार्य म्हणून. ताट ठेवलं, पाट फिरवला, आणि मुंडी माझ्यापुढं आणून थांबवली.

बापूसाहेबांच्या नजरेतून असली गोष्ट सुटत नाही. "मुंडी पोरीकडं काहून?"

अम्मानं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. जिच्याकडं मुंडी ती आजची मोठी, आधी तिनं खायचं. बापूसाहेबांनी एका बोटानं पाट सरकवला. अगदी सहज, अंगावरची माशी हाकलावी तसा. मुंडी त्यांच्यापुढं गेली. "आता कसं बराबर," मामा म्हणाले.

पण पाट सुताराचा होता, फिरण्यासाठीच केलेला. मुलाला भात हवा होता. त्यानं पाट जरा ओढला आणि मान मुलाकडं गेला. बापूसाहेबांनी तो परत आणला. मुलाच्या वडिलांनी मिरच्यांची वाटी ओढली आणि मुंडी मामांपुढं येऊन थांबली. मामांनी ती अशी घाईनं ढकलली की मासा पूर्ण एक फेरी मारून पुन्हा त्यांच्याकडंच आला. "मी नाय, मी नाय, त्योच येतोय!" मामा म्हणाले. मानपानावरून मांडव मोडलेले मी पाहिले होते. पण मान असा समोरून गरगर फिरताना पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी बापूसाहेबांनी डावा तळवा पाटावर दाबून धरला. "आता कुनी हलवायचं नाय!" त्यामुळं मिरच्या राहिल्या त्यांच्याकडं, भात राहिला मुलाकडं आणि आबांच्या पुढं आली फक्त दात कोरायच्या काड्यांची वाटी. आबांनी तीही कुणाला लागेल म्हणून कडेला सरकवली.

डावा हात पाटावर ठेवून बापूसाहेब उजव्या हातानं लग्न मांडायला लागले. वऱ्हाड केवढं येईल, फेटे कुणाकुणाला बांधायचे, वाजंत्री कुठून. आबा प्रत्येकाला "बरं" म्हणत होते. मग बापूसाहेब म्हणाले, "आन त्ये नोकरीचं पत्र आलंय म्हंतेत. आनंद हाये. फ्रेम करून ठिवा. आमच्या घरच्या बाया नोकऱ्या करत नायत."

मी आबांकडं बघितलं. आबा रिकाम्या बशीकडं बघत होते. पलीकडं शब्बीरची शेगडी घोंघावत होती. मला ती बशी कायमची पाठ आहे, कडेला निळी रेघ आणि एक टवका. मी मनात म्हणत होते, आबा, बोला. तीनदा कबूल केलंय तुम्ही. आबांनी घसा खाकरला. "बरं," एवढंच म्हणणार होते ते. त्यांच्या ओठांवर तो 'ब' मला दिसला.

नेमका तेव्हाच बापूसाहेबांचा फेटा पंख्याच्या वाऱ्यानं ढळला. तो सावरायला त्यांनी दोन्ही हात वर नेले. मी पाट फिरवला. सावकाश नाही, असा फिरवला की सूपच्या वाट्या एकमेकींवर आपटल्या. मुंडी आबांच्या समोर आली आणि मी पाट घट्ट धरून ठेवला.

"आबा, मुंडी तुमच्याकडं आहे," मी म्हणाले. "या घरचा नियम आहे. तुम्ही बोलल्याशिवाय इथं कुणी खाणार नाही."

नियम खाण्याचा होता. बोलण्याचा मी पदरचा घातला. अम्मा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग बापूसाहेबांकडं. "हौ," ती म्हणाली. "ऐसाच है."

आबांनी माशाकडं बघितलं. माशानं आबांकडं. जन्मात या माणसाच्या पुढं कशाची मुंडी आली नव्हती. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, मान जरा मागं घेतली, आणि मला एकदम कळलं की हे मी पाहिलेलं आहे. काटा स्थिर झाला की बाजारात ते असेच उभे राहायचे.

"पोरगी नोकरी सोडनार नाय!"

शेगडीच्या वर, पंख्याच्या वर गेला तो आवाज. शब्बीरनं शेगडी बंद केली आणि पळी हातात घेऊन बाहेर आला. बाहेरच्या खोलीतली गिऱ्हाइकं गप्प झाली. आणि त्या शांततेत आबांनी माप दुसऱ्यांदा पुकारलं, आधीइतक्याच मोठ्यानं. "पोरगी नोकरी सोडनार नाय."

"हे तुमी म्हंता का पोरगी म्हंती?" बापूसाहेब म्हणाले.

"काट्यावर जे भरलं त्ये म्हंतो," आबा म्हणाले, आणि माशाच्या गालाजवळचा घास तोडून तोंडात टाकला.

यावर बापूसाहेब ताडकन उठून गेले असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मासा ऊन होता आणि ते कोर्टातून उपाशी आले होते. सगळे खाली माना घालून जेवले. वरची बाजू संपल्यावर बापूसाहेबांनी मासा उलटायला घेतला, तशी अम्मा ओरडली, "पलटाओ नक्को! नाव पलटती! काँटा उठाओ, काँटा!" मासा उलटला की होडी बुडते असं तिच्यात मानतात, मधला काटा उचलून खालचं खायचं. दाढी करायलाही वार बघणारे बापूसाहेब हसले. "असली खुळं आमच्यात नायत," म्हणाले, आणि मासा पालथा घालून शेपटीपर्यंत संपवला. मग हात धुतले, बडीशेप घेतली आणि म्हणाले, "कळवतो."

'कळवतो'चा अर्थ लासूरच्या शेंबड्या पोरालाही कळतो. मामा कपाळाला हात लावून बसले. सगळे बाहेर पडले तेव्हा मुलगा चप्पल घालायच्या निमित्तानं मागं रेंगाळला. सगळ्या दुपारात तो पहिल्यांदा बोलला, तेही कुजबुजत. "माझी हरकत नव्हती हो नोकरीला."

"मग पाट फिरवायचा होता," मी म्हणाले.

तो काही वाईट माणूस नव्हता. पुढं बँकेत खातं उघडायला आला होता. मी तेव्हा शाखा व्यवस्थापक होते, मीच सही केली. माझंही लग्न झालं, रीतसर, मला नोकरी करू देणाऱ्या माणसाशी. त्याला मासे आवडत नाहीत. आमच्या घरात मानापमानाचं भांडण होत नाही, त्याचं श्रेय मी यालाच देते.

अम्मा आता नाही. टेबल आहे. पाटावर आता काच बसवलीय आणि नातवानं कामाला ठेवलेली पोरं मासा कसाही आणून ठेवतात, तोंड भिंतीकडं. मी पाट फिरवायला लागले की पलीकडून आवाज येतो, "आंटी, एक मिनिट, हलवू नका, फोटो काढू द्या."

बैठकीच्या त्या दिवशी परतताना लासूरच्या एसटीत आबा खिडकीशी बसले होते. मला वाटलं, मोडलेल्या सोयरिकीचं दुःख करतायत. आता घरी काका काय म्हणतील, भावकी काय म्हणेल. पडेगाव मागं पडलं. दातात अडकलेला काटा जिभेनं काढायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. तो निघाला. त्यांनी तो बोटावर घेऊन नीट बघितला, खिडकीबाहेर टाकला, आणि माझ्याकडं वळले.

"शकू, मुंडीत खायला कायच नसतं की गं. नुस्ती हाडं." मग मान जरा मागं घेतली. "एवढ्यासाठी इतकी वर्षं दारात बसवलं व्हय मला?"

हे ते बाजारातल्या आवाजात म्हणाले. अख्ख्या एसटीनं वळून बघितलं. मी वाट बघत राहिले, कारण माप ते दोनदा पुकारतात.